टिप्याची 18 नखं: घर, पार्लर आणि दवाखाना यांच्यामधलं एक प्रकरण

कुटुंबाच्या परवानगीने हे लिहिते आहे. कुत्र्याचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करते. या प्रकरणात मला बोलावलं गेलं ते बऱ्याच उशिरा, त्यामुळे आधीचा भाग घरच्यांनी सांगितला तसा मांडला आहे.

पार्श्वभूमी

टिप्या हा सहा वर्षांचा देशी कुत्रा. वजन 19 किलो, आखूड केस, नखं पूर्ण काळी. डोंबिवलीतल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. पिल्लू असताना घरातल्या मुलाने त्याला रस्त्यावरून उचलून आणलं होतं. नंतर मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि टिप्या त्याच्या आई-वडिलांकडे राहिला. त्यांना मी काका-काकू म्हणते. हे चित्र आता घरोघरी दिसतं. म्हणून अशा घरी गेले की मी आधी विचारते, कुत्रा मुळात कोणाचा होता, आणि त्याचं काय काय तो माणूस करत होता?

इथे मुलगा दोन गोष्टी करत होता. पहाटे पाचला टिप्याला घेऊन तो तासभर डांबरी रस्त्याने पळायचा. रस्त्यावर नखं आपोआप घासली जायची. आणि रात्री टिप्या गाढ झोपला की मोबाइल बघता बघता त्याचं एखाददुसरं नख हळूच कापून टाकायचा. आई-वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "देशी कुत्र्यांची नखं वाढत नाहीत" असं काका मला ठामपणे म्हणाले होते. सहा वर्षं त्यांना तसंच दिसलं होतं, त्यामुळे त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

मुलगा गेल्यावर काकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. टिप्याचं फिरणं सोसायटीच्या आवारात दहा मिनिटांवर आलं. आवारातले पेव्हर ब्लॉक खरखरीत असतात खरे, पण साखळीने हळूहळू चालणारा कुत्रा नखं झिजवत नाही. नखं झिजतात ती पळताना, वळताना, माती उकरताना. त्यात पावसाळा लागला.

अडचण

साधारण कुत्र्याला 18 नखं असतात. चारही पायांना चार-चार आणि पुढच्या दोन पायांना आतल्या बाजूला, जरा वर, अंगठ्याचं एकेक. मागच्या पायांनाही अंगठे असले तर 20 होतात. गावाकडे अशा कुत्र्याला वीसनखी म्हणतात आणि त्याच्याबद्दल नाना समजुती असतात. टिप्याला 18च. अंगठ्याचं नख जमिनीला टेकत नाही, म्हणून ते चालून झिजत नाही. वाढतं आणि गोल वळतं. वळत वळत शेवटी स्वतःच्याच पायाच्या कातडीत रुततं.

काकूंच्या लक्षात आधी आला तो आवाज. फरशीवर टकटक, टकटक. मग टिप्या उठताना घसरायला लागला. घरभर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. कुत्र्याची फरशीवरची पकड तळपायाच्या गादीमुळे असते. नखं लांब झाली की ती आधी फरशीला टेकतात, बोटं वर ढकलली जातात, गादी नीट टेकतच नाही. टिप्याने दिवाणावर उडी मारणं सोडलं. "म्हातारा झाला," असं घरात ठरलं. सहाव्या वर्षी!

तो डाव्या पुढच्या पायाची आतली बाजू सारखी चाटायला लागला, तेव्हा काकूंनी चष्मा लावून पाहिलं. अंगठ्याचं नख वळून कातडीला टेकलं होतं.

पहिला प्रयत्न: घरी

काकांनी पेट शॉपमधून गिलोटिन पद्धतीचा कटर आणला, म्हणजे ज्याच्या गोल भोकात नख घालायचं आणि दांडा दाबला की पातं सरकतं, तो. मुलाला व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर उभा केला. काकूंनी टिप्याला कवेत धरलं. मुलगा तिकडून सांगत होता, "बाबा, टोकाचं थोडंसंच कापा." टिप्या आवाज ओळखून फोनकडे बघत होता. पहिली दोन नखं कापली गेली. तिसऱ्याला कटर जरा आत गेला.

नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. ग्रूमर, म्हणजे कुत्र्यांचे केस-नखं कापणारे, त्याला क्विक म्हणतात. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्या नखात बाहेरून अजिबात दिसत नाही. शिवाय नख जितके दिवस वाढू द्याल तितका गाभाही त्याच्यामागे पुढे सरकतो. त्यामुळे "टोकाचं थोडंसं" म्हणजे नेमकं किती, हे जर्मनीहून सांगता येण्यासारखं नव्हतं.

टिप्या किंचाळला आणि वळून काकांच्या हाताला चावला. दात लागले, रक्त आलं. काकू हळदीचा डबा घेऊन धावल्या. सुदैवाने आवाज ऐकून शेजारच्या बाई आल्या. त्या नर्स होत्या. त्यांनी हळद बाजूला ठेवायला लावली आणि काकांचा हात बेसिनमध्ये वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायला लावला. चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, पहिलं काम हेच. हळद, चुना, तिखट यांतलं काहीही जखमेवर भरायचं नाही. टिप्याची रेबीजची लस वेळेवर झालेली होती. तरीही महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काकांची इंजेक्शनं सुरू केली आणि टिप्यावर 10 दिवस नजर ठेवायला सांगितलं. काकांना हे अती वाटलं. मला वाटलं नाही. घरचा कुत्रा आहे म्हणून चावा अंगावर काढणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

या सगळ्या गडबडीत टिप्याच्या नखाकडे कोणी पाहिलं नाही. तो घरभर फिरत होता, नख चाटत होता, आणि फरशीभर लाल ठिपके पडत होते. अर्ध्या तासानंतर काकूंनी कॉर्नफ्लोअरमध्ये नख दाबून धरलं तेव्हा रक्त थांबलं. हा अर्धा तास पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून लक्षात ठेवा.

दुसरा प्रयत्न: पार्लर

दोन आठवड्यांनी काका टिप्याला रिक्षातून जवळच्या एका पेट पार्लरमध्ये घेऊन गेले. नखं कापायचे 300 रुपये. मालकांनी बाहेर थांबायचं. आत काय झालं ते काकांनी काचेतून पाहिलं. टेबलावरच्या दांड्याला टिप्याचा गळा फासाने अडकवला, तोंडावर कापडी मझल, म्हणजे मुसकं, चढवला, एका मुलाने मागून दाबून धरलं आणि दुसऱ्याने कापायला सुरुवात केली. टिप्याने टेबलावरच लघवी केली. पुढच्या पायांची बोटांची नखं झाली, मागची थोडी झाली. मग त्या मुलांनीच हात टेकले. अंगठ्याची दोन्ही नखं तशीच राहिली, कारण तिथे हात नेला की टिप्या जिवाच्या आकांताने उसळत होता. तिथेच तर दुखत होतं.

त्या मुलांना दोष देऊन विषय संपत नाही. दिवसात कितीतरी कुत्रे उरकायचे असतात, पैसे नखांचे मिळतात आणि मालक काचेपलीकडून बघत असतो. अशा मांडणीत "आज नको, परत या" असं म्हणणाऱ्याचं नुकसानच होतं.

कापडी मझलबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. कुत्र्याला घाम जवळपास येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. कापडी मझलने तोंड मिटलेलं राहतं. कुत्रा घाबरलेला, हवा दमट, आणि धापाही टाकता येत नाहीत. हा मझल अगदी मिनिटा-दोन मिनिटांसाठीच ठीक.

घरी आल्यावर नवीन त्रास सुरू झाला. पावसात फिरून आलं की काकू दारातच पंचाने टिप्याचे पाय पुसायच्या. आता पंचा हातात घेतला की तो गुरगुरायला लागला. काकांनी दटावलं, एकदा फटका मारला. गुरगुरणं थांबलं. पुढच्या वेळी त्याने न गुरगुरता थेट पंचावर झडप घातली. तेव्हा त्यांनी मला फोन केला.

समोरचे पर्याय

मी गेले तेव्हा घरात दोन तट होते. काका म्हणत होते, चांगला कटर आणून घरीच करू. काकू म्हणत होत्या, "अगं, दुसरं चांगलं पार्लर सुचव. पैसे जास्त घेऊ देत." दोघांचा वाद "कुठे कापायची" यावर अडकला होता. टिप्याला मात्र जागेशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या लेखी पायाला हात लागणं हाच धोका झाला होता, मग तो दिवाणखान्यात असो की पार्लरात.

म्हणून मी आधी नखांची विभागणी केली. अंगठ्याचं डावं नख कातडीत रुतायच्या बेतात होतं, कदाचित रुतलंही होतं. ते थांबू शकत नव्हतं. बाकीची नखं लांब होती, त्रासदायक होती, पण आठवडे-महिने चालवून घेता येणार होती. 18 नखं एकाच बैठकीत संपवायची हा हट्ट सोडला की बरेच पर्याय खुले होतात.

घरी लगेच पुन्हा प्रयत्न करणं मी बाद केलं. चावा एकदा झाला होता आणि काकांचा हात अजून पूर्ण बरा नव्हता. दुसरं पार्लर, किंवा दारात येणारी ग्रूमिंगची गाडी, यात माणसं बदलली असती, पण धरून ठेवणं बदललंच असतं याची खात्री नव्हती. "रस्त्यावर फिरवू, झिजतील" हा काकांचा आवडता पर्याय बोटांच्या नखांसाठी वाईट नव्हता. पण फिरवणार कोण, हा प्रश्न होता. आणि अंगठ्याला त्याचा काहीच उपयोग नव्हता. ग्राइंडरचाही विचार झाला. यंत्राने नख घासत नेता येतं, एकदम खोल कापलं जाण्याची भीती कमी असते. पण यंत्राचा आवाज आणि थरथर असते, एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं तर नख तापतं. टिप्या मिक्सरच्या आवाजालाही पलंगाखाली जाणारा. तोही पर्याय बाजूला ठेवला.

राहिला पशुवैद्य. काकूंना ते पटेना. "नखं कापायला भूल?" त्यांचा प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं होतं: रुतलेलं नख ही जखम आहे, ते ग्रूमिंगचं काम उरलेलंच नाही. आणि दुखऱ्या जागी जबरदस्तीने केलेली आणखी एक बैठक टिप्याला महागात पडली असती. पुढची कित्येक वर्षं त्याने पायाला हात लावू दिला नसता.

काय केलं

डॉक्टरांना भेटायला जाताना काकूंनी सहज तो अर्धा तासाचा रक्तस्राव सांगितला. डॉक्टरांनी लगेच विचारलं, "याला गोचीड ताप झाला होता का?" झाला होता, आदल्या पावसाळ्यात. गोचीड तापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होऊ शकतात आणि मग नखाएवढी जखमही लवकर बंद होत नाही. त्यांनी कापण्याआधी रक्त तपासलं. प्लेटलेट व्यवस्थित निघाल्या. रक्त थांबलं नव्हतं ते बहुधा टिप्या फिरत आणि चाटत राहिल्यामुळे. पण प्रश्न विचारला गेला, हे योग्य झालं. नख दाबून धरल्यावर साधारण पाच-दहा मिनिटांत रक्त थांबायला हवं. तसं थांबत नसेल तर पुढचं नख कापायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

डॉक्टरांनी घरून निघण्याआधी द्यायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्यांची एक चाचणी आधीच्या रविवारी घरीच घ्यायला सांगितली. ही पायरी बरेच जण गाळतात. गॅबापेन्टिन, ट्रॅझोडोन यांसारखी भीती कमी करणारी औषधं प्रत्येक कुत्र्यावर सारखी चालत नाहीत. कोणी पेंगतो, कोणी उलट अस्वस्थ होतो. ते दवाखान्याच्या बाकड्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. मात्रा अर्थात डॉक्टरांनीच ठरवायची. शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या गोळ्या याला द्यायच्या नाहीत.

ठरल्या दिवशी टिप्या झिंगल्यासारखा गेला. तिथे हलकं भुलीचं इंजेक्शन दिलं आणि अंगठ्याची दोन्ही नखं कापली. डावं खरंच कातडीत टोचलेलं होतं, खाली चण्याएवढी जखम होती. ती धुऊन मलम लावलं आणि चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घातली.

इथे निर्णयाचा एक क्षण आला. कुत्रा भुलीखाली आहेच, तर सगळीच नखं गाभ्यापर्यंत, किंवा गाभ्यासकट मागे कापून एकदाच आखूड करून टाकावीत का? डॉक्टरांनी विचारलं आणि काकांना ते फार आवडलं. एका फटक्यात प्रश्न मिटला असता. मी नको म्हटलं, आणि डॉक्टरही पुढे आग्रही राहिले नाहीत. भूल उतरल्यावर गाभा कापलेलं प्रत्येक बोट दुखतं, आणि पुढचे काही दिवस टिप्या त्या दुखऱ्या पायांवरच चालला असता. आम्ही फक्त टोकं उडवली. दर आठवड्याला थोडं थोडं टोक घासलं किंवा कापलं की गाभा हळूहळू मागे सरकतो. वेळ लागतो, पण कुत्र्याला दुखत नाही.

मग घरचं काम सुरू झालं. पहिले काही आठवडे कटर कपाटातच ठेवला. जखम भरेपर्यंत डाव्या पायाला हातही लावला नाही. काकू फक्त खांद्यावर हात ठेवायच्या आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायच्या. हात आधी, तुकडा नंतर. उलटं केलं तर कुत्र्याला तुकडा म्हणजे आमिष वाटतं आणि तो सावध होतो. खांद्यावरून कोपर, कोपरावरून मनगट, मग पंजा. टिप्याने पाय ओढून घेतला की काकू सोडून द्यायच्या. सोडल्यामुळे तो लाडावेल ही काकांची भीती होती. प्रत्यक्षात पाय सोडवून घेता येतो हे कळल्यावर त्याचं ओढणंच कमी झालं.

गुरगुरण्यावरून काकांशी माझा बराच वाद झाला. गुरगुरणं बंद करायचं नाही, ते ऐकायचं, हे त्यांना उशिरा पटलं. पटलं ते माझ्या बोलण्याने नाही. पंचावर न सांगता पडलेली झडप आठवली म्हणून.

पुढच्या पायांसाठी आम्ही कटर टाळला. हार्डवेअरच्या दुकानातून 80 नंबरचा पॉलिश पेपर आणला, दोन फुटांच्या प्लायवुडच्या फळीवर चिकटवला आणि टिप्याला त्यावर पंजाने खरवडायला शिकवलं. फळी तिरकी धरायची, तिच्याखाली पनीरचा तुकडा ठेवायचा, त्याने उकरायला पंजा मारला की "शाब्बास" म्हणून दुसरा तुकडा द्यायचा. टिप्या काकूंच्या तुळशीची कुंडी उकरण्यात आधीच तरबेज होता, त्यामुळे शिकायला त्याला वेळ लागला नाही. इथे नखं तो स्वतः घासतो, त्याला कोणी धरत नाही, आणि हाच या युक्तीचा मोठा गुण. मर्यादाही आहेत. मधली दोन नखं जास्त घासली जातात, कडेची कमी. अंगठा फळीला लागतच नाही. सुरुवातीला काही खरवड्यांवरच थांबायचं, नाहीतर उत्साही कुत्रा नख गाभ्यापर्यंत घासून रक्त काढतो किंवा तळपायाची गादी सोलून घेतो.

अंगठ्याचं नख काकूंनी शिकून घेतलं. कटर बदलला. गिलोटिनचं पातं बोथट झालं की ते नख कापण्याऐवजी चिरडतं, आणि वळलेलं नख त्याच्या भोकात घालणं अवघड असतं. पक्कडीसारख्या कटरने कडेने कापता येतं. धरण्याची पद्धतही बदलली. पाय पुढे ओढून धरायचा नाही. घोड्याला नाल ठोकणारा जसा खूर मागे दुमडून धरतो तसा पंजा मनगटात मागे दुमडायचा. सांधा त्याच्या स्वाभाविक दिशेने वळतो आणि नख खालून दिसतं. काळ्या नखात खालची बाजूच मदत करते. टोकाकडे खाली पोकळ खोबण दिसते, तेवढा भाग मेलेला. तिथून पातळ चकत्या काढत जायचं आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेल्या तोंडाकडे पाहायचं. आधी ते कोरडं, पांढुरकं असतं. मध्यभागी ओलसर करडा किंवा काळपट ठिपका दिसला की थांबायचं. वाटीत कॉर्नफ्लोअर आधीच तयार ठेवायचं.

मागच्या पायांसाठी ग्रूमरच बोलावली. घरी येऊन काम करणारी एक तरुण मुलगी काकूंच्या भिशीतल्या एका बाईंकडून कळली. तिच्याशी बोलताना मी एकच अट घालायला लावली: पैसे नखांचे नाहीत, भेटीचे. ती अर्धा तास येणार, एक नख झालं काय किंवा आठ झाली काय, 500 रुपये तेवढेच. टिप्या गुरगुरला की थांबणार. काकांना हे उधळपट्टीचं वाटलं. पहिल्या भेटीत एकही नख कापलं गेलं नाही, ती नुसती सतरंजीवर बसून त्याला खायला घालत राहिली, आणि काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता. नखांवर पैसे ठरले की माणूस नखं संपवायच्या मागे लागतो. भेटीवर ठरले की त्याला थांबणं परवडतं.

याच काळात टिप्याला जाळीचा मझलही शिकवला. त्यात तोंड उघडतं, धापा टाकता येतात, जाळीतून खाऊ देता येतो. आत पनीर लावून तो त्याच्यासमोर धरायचा, नाक त्याने स्वतः घालायचं, पट्टा लावायची घाई करायची नाही. ग्रूमरच्या सुरक्षिततेसाठी तो हवाच होता, कारण चावलेला कुत्रा पुन्हा चावू शकतो हे धरूनच चालायचं असतं.

परिणाम

आषाढात सुरू झालेलं हे काम संक्रांतीच्या सुमारास रुळावर आलं. फरशीवरची टकटक पुढच्या पायांची जवळपास थांबली, मागच्या पायांची कमी झाली. अंगठे काकू कापतात. डाव्या मागच्या पायाच्या मधल्या एका नखाला टिप्या अजूनही कोणाला हात लावू देत नाही. ते थोडं लांब राहतं, आणि ते तसंच राहू द्यायचं असं आम्ही ठरवलं आहे.

घसरणं थांबलं. पण त्याचं श्रेय फक्त नखांना देता येणार नाही. त्याच काळात काकूंनी दिवाणखान्यात आणि पॅसेजमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. दिवाणावर मात्र तो आता उड्या मारतो. पंचाने पुढचे पाय पुसू देतो, मागचे नाही. म्हणून दारात काथ्याचं जाड पायपुसणं टाकलं आहे आणि पावसात त्याला त्यावरून दोन-चार वेळा फिरवून आत घेतात.

एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नाही, तीही नोंदवते. डिसेंबरमध्ये मुलगा सुट्टीवर आला. झोपेत नखं कापायची जुनी पद्धत आता नको, झोपेतून दचकलेला कुत्रा चावतो, असं मी त्याला बजावून सांगितलं होतं. त्याने "हो ताई" म्हटलं आणि त्याच रात्री दोन नखं कापली. टिप्याने डोळासुद्धा उघडला नाही. मुलाचा हात त्याच्यासाठी अजूनही सुरक्षित यादीत असावा. तरी मी ही पद्धत कोणाला सुचवणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, जूनमधली लसीकरणाची भेट. टिप्या तेव्हा दवाखान्यात गेला होता, त्याचं वजन झालं, लस झाली, कानही तपासले. नखांकडे ना डॉक्टरांनी पाहिलं, ना काकांनी विचारलं. अंगठ्याचं नख तेव्हा वळायला लागलेलं असणारच. तेव्हा ते कसलीही भूल न देता मिनिटभरात कापून झालं असतं. दर लसीला अंगठ्याची नखं दाखवून घ्यायची, ही सवय आता या घराला लागली आहे.

मुलाने जाण्याआधी टिप्याचं खाणं, औषधं, डॉक्टरचा नंबर असं सगळं लिहून दिलं होतं. पण जे तो न सांगता, जाता-येता करत होता ते त्या कागदावर आलंच नाही. कुत्रा दुसऱ्याच्या हाती सोपवताना आपण आठवडाभरात त्याच्या अंगाला कुठे कुठे हात लावतो ते लिहून काढावं. कान कोण पुसतं, गोचीड कोण काढतं, नखं कोण बघतं.

घरच्या पहिल्या प्रयत्नात कटर वाईट होता, पण त्याहून वाईट होतं तिसऱ्या नखाला हात घालणं. दोन नखं नीट झाली होती. तिथेच खाऊ देऊन थांबले असते तर बाकीची उद्या-परवा झाली असती.

पार्लरने लघवी झाली तेव्हाच थांबून बाहेर उभ्या काकांना आत बोलवायला हवं होतं. काकांनीही दार ठोठवायला हवं होतं. ते म्हणाले, "त्यांना कळतं असं वाटलं मला." बहुतेक मालक हेच म्हणतात. पार्लर निवडताना मी आता लोकांना दोन प्रश्न विचारायला सांगते. मला आत थांबता येईल का? आणि कुत्र्याने ऐकलं नाही तर तुम्ही काय करता? दुसऱ्याचं उत्तर "आमची पोरं धरतात" असं आलं तर चहा पिऊन परत फिरावं.

माझ्या बाजूने एका गोष्टीवर मी अजून विचार करते आहे. ग्राइंडर मी टिप्याच्या मिक्सरच्या भीतीवरून बाद केला. पण बंद ग्राइंडर नुसता पंज्याला टेकवण्यापासून हळूहळू सुरुवात केली असती, तर मागच्या पायांचं काम काकूंच्याच हातात आलं असतं आणि दर महिन्याचे 500 रुपये वाचले असते. काकांच्या दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया उन्हाळ्यात आहे. तेव्हा काकूंना आधीच पुष्कळ काम असेल, म्हणून ग्राइंडरची सुरुवात त्याआधी करायची की ग्रूमरच्या भेटी वाढवायच्या, हे ठरायचं आहे. काकूंचा कल ग्रूमरकडे आहे. टिप्या तिची स्कूटर ओळखतो, म्हणतात.